निरोप पोचला का?

व्हॉइसमेल हा प्रकार आपल्याकडे कधी रुजलाच नाही. आपण मिस्ड कॉल देणारी माणसं. पलीकडून यंत्राचा आवाज आला की आपण दचकून फोन ठेवून देतो, आणि पाच मिनिटांनी पुन्हा लावतो. पण अमेरिकेतल्या ऑफिसांमध्ये ८० आणि ९० च्या दशकांत या यंत्राशिवाय पान हलत नव्हतं. माझी उमेदीची सहा वर्षं पुण्यात बसून अशाच एका सर्व्हरच्या कोडमध्ये गेली. २००३ ते २००९. गिऱ्हाईकं सगळी तिकडची, म्हणजे त्यांचा दिवस ती आमची रात्र. असो.

परवा आमच्या टीममधल्या एका नव्या मुलाने विचारलं, "सर, पण त्यात एवढं अवघड काय होतं? आवाज रेकॉर्ड करायचा, फाइल सेव्ह करायची, मागेल तेव्हा वाजवायची." प्रश्न रास्त आहे. मी त्याला कॅन्टीनमध्ये जे सांगितलं त्यापेक्षा जरा नीट सांगावं म्हणून आजचा हा शनिवारचा लेख. फोनच्या भानगडीत रस नसलेल्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण मुद्दा शेवटी फोनचा नाही.

आधी थोडा इतिहास, चवीपुरता. टेक्सासमधल्या गॉर्डन मॅथ्यूज नावाच्या गृहस्थांनी १९७९ साली या यंत्रणेच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९८३ मध्ये ते मिळालं. त्यांच्या कंपनीचं नाव व्हीएमएक्स. पहिलं मोठं गिऱ्हाईक थ्रीएम, आणि पहिलं स्वागतवाक्य रेकॉर्ड केलं ते त्यांच्या पत्नीच्या, मोनिकाबाईंच्या आवाजात. पुढे ऑक्टेल वगैरे कंपन्या आल्या, धंदा प्रचंड वाढला, आणि १९९७ मध्ये ल्युसेंटने ऑक्टेल विकत घेतली ती १.८ अब्ज डॉलरना. आज हा आकडा कुणाला खरा वाटणार नाही.

आता गणित बघू. साध्या टेलिफोनचा आवाज सेकंदाला ६४ हजार बिट्स घेतो, म्हणजे ८ हजार बाइट्स. मिनिटाला झाले ४८० किलोबाइट. हजार माणसांचं ऑफिस आणि प्रत्येकाला वीस मिनिटांची जागा धरली तरी दहा जीबीच्या आत काम भागतं. २००३ सालीसुद्धा हे फार नव्हतं. तेव्हा जागा हा प्रश्न नव्हता. वेगही नव्हता. मग अडचण कुठे होती?

अडचण समजून घ्यायची तर साधा फोन आणि निरोप यांतला फरक बघायला हवा. साधा फोन मध्येच तुटला तर दोघांनाही त्याच क्षणी कळतं. "हॅलो, हॅलो" करून एकजण पुन्हा फोन लावतो. बिघाड झाला, पण तो उघड झाला, आणि दुरुस्ती माणसांनीच करून टाकली. निरोपाचं तसं नाही. बीप वाजली, माणूस बोलला, फोन ठेवला आणि आपल्या कामाला लागला. त्याच्या दृष्टीने विषय संपला. तो निरोप हरवला तर त्याला कळणार नाही. ज्याच्यासाठी होता त्यालाही कळणार नाही, कारण निरोप होता हेच त्याला माहीत नाही. पहिला म्हणणार, "एवढं सांगून ठेवलं, साधं उत्तर नाही." दुसरा म्हणणार, "याने एक फोन तरी करायचा होता." आणि सर्व्हर मधे शांत बसलेला असणार, सगळे दिवे हिरवे.

आमच्या टीममध्ये एक ज्येष्ठ सहकारी होते. सगळे त्यांना काकाच म्हणायचे. टेलिफोन खात्यात जुन्या स्ट्रोजर एक्स्चेंजवर त्यांनी उमेदवारी केली होती, तिथून ते सॉफ्टवेअरमध्ये आले. ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत. "पत्र पेटीत टाकेपर्यंत तुमचं. एकदा टाकलं की पोस्टाचं. आपल्या सिस्टीममध्ये ती पेटी नक्की कुठे आहे ते आधी मला दाखवा. मग बाकीचं डिझाइन बोलू."

ईमेलवाल्यांनी हेच १९८२ साली कागदावर लिहून ठेवलं होतं. जॉन पोस्टेल यांच्या एसएमटीपीच्या मसुद्यात, समोरच्या सर्व्हरने पूर्ण पत्र घेऊन "२५०" हा आकडा उच्चारला की तिथून पुढची जबाबदारी त्याची. पत्र पोचव, नाही तर पोचलं नाही असं कळव. गप्प बसायची सोय नाही. आता हे "२५०" पाठवलं पण वाटेत हरवलं तर? पाठवणारा ते पत्र पुन्हा पाठवणार, आणि घेणाऱ्याकडे दोन प्रती होणार. ही अडचण इतकी खरी आहे की १९८८ साली क्रेग पार्ट्रिज यांनी तेवढ्याच विषयावर एक वेगळं टिपण लिहिलं. पण बघा, दोन प्रती येणं हा वैताग आहे, तोटा नाही. एकही न येणं हा तोटा आहे.

आमच्या कामाचं सूत्र या एका वाक्यात होतं. चुकायचंच असेल तर दोनदा सांगण्याच्या बाजूने चुका.

उदाहरण म्हणून "फाइल सेव्ह करायची" हेच घ्या. निरोपाचे दोन भाग असतात. एक आवाजाची फाइल, दुसरी डेटाबेसमधली नोंद, की हा निरोप अमक्याचा, तमक्यासाठी, इतक्या वाजता. आधी काय लिहायचं? आधी नोंद केली आणि फाइल लिहिताना वीज गेली, तर मालकाला "तुमच्यासाठी एक नवा निरोप आहे" असं ऐकू येणार आणि पुढे शांतता. आधी फाइल लिहिली आणि नोंदीआधी वीज गेली, तर डिस्कवर एक बेवारस फाइल पडून राहणार. ही दुसरी चूक बरी, कारण ती सुधारता येते. त्यासाठी प्रत्येक फाइलच्या डोक्यावरच कुणाचा निरोप, कुणासाठी, किती वाजता हे लिहायचं, म्हणजे डेटाबेस नसला तरी फाइलला आपलं घर माहीत. सर्व्हर पुन्हा सुरू झाला की एक छोटा प्रोग्रॅम डिस्क झाडून काढायचा आणि बेवारस फाइली घरोघर पोचवायचा. आवाजही शेवटी एकदम लिहायचा नाही, दर दोन-चार सेकंदांनी लिहीत जायचा. माणूस बोलत असतानाच सर्व्हर कोसळला तरी निम्मा निरोप वाचतो. "मी दवाखान्यातून बोलतोय, लगेच..." एवढंच ऐकू आलं तरी माणूस उलट फोन करतो.

दुसरी गोष्ट म्हणजे अर्धमेली यंत्रं. ऑफिसच्या एक्स्चेंजमधून व्हॉइसमेलकडे समजा चोवीस लायनी जातात. पहिली लाइन कामात असली तर कॉल दुसरीवर, ती कामात असली तर तिसरीवर. सर्व्हर पूर्ण मेला तर एक्स्चेंजला कळतं आणि ते दुसऱ्या सर्व्हरकडे वळतं. पण त्या चोवीसातली एकच लाइन अडकली असेल तर? म्हणजे विजेच्या दृष्टीने ठणठणीत, एक्स्चेंजला मोकळी दिसते, पण पलीकडचा प्रोग्रॅम झोपलेला. मग एक्स्चेंज भाबडेपणाने पुन्हा पुन्हा तिलाच कॉल देतं, कारण ती कायम मोकळी! रिंग वाजत राहते, कुणी उचलत नाही. चोवीसांपैकी तेवीस लायनी उत्तम चालू, आणि तरी गिऱ्हाइकाची अर्धी दुपार वाया. म्हणून प्रत्येक लायनीवर एक पहारेकरी टायमर असायचा. ठरलेल्या वेळात लायनीने "मी जागी आहे" असं सांगितलं नाही की सर्व्हर स्वतःच ती लाइन कामात असल्याचं भासवायचा. आजारी माणसाने हजेरी लावून डुलक्या काढण्यापेक्षा सरळ रजा टाकावी, तसं. पूर्ण मेलेलं यंत्र परवडतं, अर्धमेलं नाही.

तिसरी गोष्ट, काय आधी सोडायचं याचा क्रम. अडचणीच्या वेळी सगळंच वाचवता येत नाही. आमचा क्रम असा होता : फोन उचलणं आणि निरोप घेणं सर्वांत शेवटी सोडायचं. त्याआधी निरोप ऐकवणं. त्याहीआधी पासवर्ड बदलणं, स्वागतवाक्य बदलणं वगैरे चैन. का? ऐकणारा आपल्याच ऑफिसातला आहे, तो तासाभराने पुन्हा बघेल. निरोप ठेवणारा बाहेरचा आहे आणि बहुधा एकदाच येणार आहे. सिस्कोच्या जुन्या युनिटी सर्व्हरमध्ये याचा छान नमुना होता. त्यात निरोप ठेवले जायचे ते मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज मेल सर्व्हरवर. तो मेल सर्व्हर बंद पडला तरी युनिटी फोन उचलायचं, निरोप घ्यायचं आणि आपल्याजवळच्या एका वेगळ्या जागेत सांभाळून ठेवायचं. मालकाने फोन केला तर मेल सर्व्हर बंद असल्याचं सांगून दरम्यान आलेले निरोप तिथूनच ऐकवायचं. जुने ऐकता यायचे नाहीत, पण नव्यांची खोटी नाही. मेल सर्व्हर आला की साठलेलं सगळं तिकडे रवाना. दुकान बंद असलं तरी शेजाऱ्याने पार्सल घेऊन ठेवावं, तितकं सरळ.

आता जोड सर्व्हरची गंमत. दोन सर्व्हर, दोघांकडे सगळ्या निरोपांच्या प्रती. मधली तार तुटली. दोघेही जिवंत, पण प्रत्येकाला वाटतं की दुसरा गेला. दोघेही "मीच मुख्य" म्हणून काम सुरू करतात. बँकेत असं झालं तर अनर्थ, कारण एकच शिल्लक दोन्हीकडून काढली जाईल. व्हॉइसमेलमध्ये मात्र हे बऱ्यापैकी खपतं. इकडे तीन निरोप आले, तिकडे दोन आले. तार जुळल्यावर बेरीज करायची, पाच. पंचाईत होते ती पुसलेल्या निरोपांची. इकडे मालकाने एक निरोप पुसला, तिकडे तो अजून आहे. आता पुसायचा की ठेवायचा? शंका असेल तर ठेवायचा. पुसलेला निरोप पुन्हा उगवला तर माणूस चरफडतो आणि पुन्हा पुसतो. २००७ साली ॲमेझॉनच्या लोकांनी त्यांच्या डायनॅमो या प्रणालीवर एक निबंध प्रसिद्ध केला, त्यात खरेदीच्या टोपलीबद्दल अगदी हीच निवड होती : टोपलीत टाकलेली वस्तू कधी हरवणार नाही, मात्र काढून टाकलेली क्वचित परत दिसेल. तो वाचून काका एवढंच म्हणाले, "पेटी कुठे आहे ते कळलंय यांना."

आतापर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की सगळं कसं ठरवून, सूत्रात बसवून केलेलं होतं. तसं नव्हतं. आता ज्या प्रकरणामुळे हा लेख लिहावासा वाटला ते सांगतो.

अमेरिकेतल्या एका दवाखान्याची तक्रार आली. (नाव सांगत नाही.) तिथे नर्सबाईंच्या टेबलावरच्या फोनला निरोप आल्याचा लाल दिवा. एका पेशंट बाईंनी शुक्रवारी निरोप ठेवला होता, तपासणीत काहीतरी सापडलं आहे असं पत्र आलंय, पुढे काय करू? नर्सबाईंनी तो निरोप ऐकला पुढच्या गुरुवारी. सहा दिवस. पेशंटची समजूत अशी की उत्तर नाही म्हणजे फारसं काही नसावं. नर्सबाईंचं म्हणणं, दिवा लागलाच नव्हता. दवाखान्याची तक्रार, तुमच्या सर्व्हरने निरोप दाबून ठेवला. आमच्या लॉगचं म्हणणं, निरोप शुक्रवारी आला, दोन डिस्कवर लिहिला, दुसऱ्या सर्व्हरवर प्रत गेली, सगळं दोन सेकंदांत. त्या महिन्यात सर्व्हर एक क्षणही बंद नव्हता.

शोधायला दोन रात्री लागल्या. झालं होतं असं. दिवा लावण्याचं काम एक्स्चेंजचं, सर्व्हर फक्त "लाव" किंवा "विझव" असा हुकूम देतो. आमच्या आधीच्या पिढीने लिहिलेला कोड काटकसरी होता. न ऐकलेले निरोप शून्याचे एक झाले तरच "लाव" म्हणायचं. एकाचे दोन झाले तर दिवा लागलेलाच आहे, पुन्हा कशाला सांगा? त्या पेटीत आधीचा एक बिनमहत्त्वाचा निरोप ऐकायचा राहिला होता, त्यामुळे दिवा खरोखरच लागलेला होता. गुरुवारी रात्री दवाखान्याच्या लोकांनी एक्स्चेंज बंद करून पुन्हा सुरू केलं. एक्स्चेंज सगळे दिवे विसरलं. सर्व्हरच्या मते दिवा लागलेला, टेबलावर दिवा विझलेला. शुक्रवारी पेशंटचा निरोप आला, एकाचे दोन झाले, सर्व्हर गप्प बसला.

कुठेच काही मोडलं नव्हतं. दोन्ही यंत्रं आपापल्या परीने बरोबर होती. दिवा ही खऱ्या गोष्टीची फक्त एक प्रत होती, आणि प्रत शिळी झाली आहे हे पाहायची जबाबदारी कुणाचीच नव्हती. उपाय पंधरा ओळींचा निघाला : एक्स्चेंजशी संपर्क तुटून जुळला की सगळ्या पेट्यांचे दिवे पुन्हा सांगायचे, आणि तसं काही न होताही रोज पहाटे एकदा सगळे पुन्हा सांगायचे. लागलेल्या दिव्याला परत "लाग" म्हटल्याने काही बिघडत नाही. दोनदा सांगण्याच्या बाजूने... वगैरे.

त्या बाईंचं पुढे काय झालं ते आम्हाला कधी कळलं नाही. तक्रारीचं तिकीट बंद झालं, आणि तिकिटाच्या पलीकडची माणसं आम्हाला दिसत नसत. पण त्यानंतर "पाच नऊ" हा शब्द ऐकला की मला जरा कसंतरीच होतं. पाच नऊ म्हणजे ९९.९९९ टक्के वेळ यंत्र चालू, वर्षात जेमतेम सव्वापाच मिनिटं बंद. त्या महिन्यात आमचा आकडा शंभर टक्के होता. यंत्राचा. निरोपाचा नव्हे.

हा काही आमचाच अनुभव नाही. टँडम कंपनी दुहेरी भागांची, न थांबणारी म्हणून विकली जाणारी यंत्रं बनवायची. तिथल्या जिम ग्रे यांनी १९८५ साली आपल्याच यंत्रांच्या बंद पडण्याचा हिशोब मांडला. कारणांत सर्वांत वर होती ती चालवणाऱ्यांची कामं, ४२ टक्के. सॉफ्टवेअर २५. हार्डवेअर, ज्याच्यासाठी सगळं दुहेरी केलं होतं, फक्त १८. दुसरा सर्व्हर हार्डवेअरपासून वाचवतो. तोच कोड दोन्हीकडे असेल तर कोडमधल्या चुकीपासून कसा वाचवणार?

याचा जाहीर धडा मिळाला १५ जानेवारी १९९० ला. एटीअँडटीच्या लांब पल्ल्याच्या जाळ्यात ११४ मोठी एक्स्चेंजेस, प्रत्येकात तेच नवं सॉफ्टवेअर. न्यूयॉर्कमधलं एक एक्स्चेंज किरकोळ बिघाडामुळे काही सेकंद बाजूला झालं, स्वतःला सावरून परत आलं, आणि आपण आल्याचं शेजाऱ्यांना कळवलं. ती बातमी हाताळण्याच्या कोडमध्ये सी भाषेतला एक "ब्रेक" चुकीच्या जागी होता. पहिली बातमी नोंदवून होते तोच दुसरी आली की शेजारी गडबडायचे, स्वतःला रीसेट करायचे, परत यायचे आणि "मी आलो" म्हणून आणखी शेजाऱ्यांना आडवं करायचे. नऊ तास हे चाललं. निम्मे कॉल लागेनात. एकही यंत्र मोडलेलं नव्हतं. सावरण्यासाठी लिहिलेल्या कोडनेच सगळ्यांना पाडलं होतं. काकांच्या मते स्ट्रोजर एक्स्चेंजचा एकच गुण मोठा होता : त्यातला एक सिलेक्टर अडकला तर त्या एका कॉलपुरताच अडकायचा. बाकीच्यांना तो हट्ट शिकवायचा नाही.

आता ऑफिसातली व्हॉइसमेलची पेटी मावळतीला लागली आहे. मायक्रोसॉफ्टने एक्स्चेंज २००७ मध्ये मोठ्या थाटात आणलेली ही सोय एक्स्चेंज सर्व्हर २०१९ मधून काढून टाकली. आणि गंमत म्हणजे, ज्या आपल्या लोकांनी कधी व्हॉइसमेलला भीक घातली नाही, ते आता दिवसभर व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप पाठवत असतात. २०१३ पासून ही सोय आहे. माझी आई टाइप करत नाही. मावशीला पाककृती, मला कानउघाडणी, सगळं आवाजात.

त्यात नीट बघा. आवाज आधी तिच्याच फोनमध्ये साठतो. नेट नसलं तर तिथेच थांबतो, घड्याळाचं चिन्ह दाखवत. सर्व्हरने घेतला की एक बरोबरची खूण, म्हणजे पत्र पेटीत पडलं. माझ्या फोनवर आला की दोन. आमच्या सर्व्हरकडे जे कधीच नव्हतं ते हे : पाठवणाऱ्याला कळण्याची सोय. दोन डिस्क, दोन सर्व्हर आम्ही जोडले, पण बीपनंतर बोलून गेलेल्या माणसाला "पोचलं बरं का" असं सांगायला आमच्याकडे वाटच नव्हती.

त्या मुलाला मी शेवटी एवढंच म्हणालो की तू जे काही लिहितो आहेस त्यात पेटी कुठे आहे ते आधी शोध. कुठल्या क्षणी समोरचा माणूस "झालं काम" म्हणून निघून जातो? त्याच्या आधीच्या चुका तो स्वतः भरून काढेल. त्याच्या नंतरच्या सगळ्या तुझ्या. मुलगा हुशार आहे. त्याने लगेच विचारलं, "आणि दिवा कोण बघणार?"

तो प्रश्न मी त्याच्याकडेच ठेवलाय. सोमवारी डिझाइनची मीटिंग आहे.